उडालेल्या फ्यूजची साक्ष

गाडीच्या सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज उडतो. नवा फ्यूज बसवला जातो, बटण दाबल्यावर चारही दारे पुन्हा लॉक होतात, आणि ‘फ्यूज गेला होता’ एवढे सांगून प्रकरण मिटते. हे उत्तर घाईचे आहे. फ्यूज गेला हे खरे; पण तो का गेला हे त्या वाक्यात नाही, आणि नव्या फ्यूजने दार चालले एवढ्यावरून कारण कळले असेही सिद्ध होत नाही. कार्य समोर आहे, कारण दिसत नाही, अशा वेळी कारण कळले असे म्हणण्याचा अधिकार नेमका केव्हा मिळतो? न्याय, मीमांसा आणि बौद्ध प्रमाणशास्त्र यांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला. त्या वादातून निघालेले निकष आज बहुधा परीक्षेपुरते पाठ होतात. ते आजही कामाचे आहेत, आणि ते घासून पाहायला डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स ही फार चांगली जागा आहे, असे माझे म्हणणे आहे. तिथे चुकीच्या अनुमानाचा परिणाम फार काळ लपून राहत नाही: दार अडकते, वायर तापते, कधी गाडीच पेटते.

विचारासाठी यंत्रणा जेवढी लागते तेवढी आधी सांगायला हवी. प्रत्येक दारात एक लहान डीसी मोटर असते. तिच्या दोन वायरींतून करंट एका दिशेने गेला की दार लॉक होते, उलट दिशेने गेला की उघडते. बहुतेक आधुनिक गाड्यांत बटण आणि रिमोट ही मोटर थेट चालवत नाहीत; ते फक्त आज्ञा देतात. आज्ञा कंट्रोल युनिटकडे जाते, ते रिले ओढते, आणि बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेला करंट बॉडी आणि दार यांना जोडणाऱ्या रबरी नळीतून मोटरपर्यंत पोचतो. फ्यूज हा या वाटेवर मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा आहे. त्यातली धातूची पट्टी करंटने तापते, ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि मर्यादेपलीकडे पट्टी वितळून वाट तुटते. पात्यांचे फ्यूज १९७६ मध्ये लिटलफ्यूज कंपनीने बाजारात आणले. त्यांचे रंग आता सगळीकडे सारखेच असतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. हा आकडा ठरवताना पुढची वायर किती करंट सोसेल हे पाहिलेले असते, म्हणजे फ्यूज आधी वायरिंगला जपतो. उडालेल्या फ्यूजने आपले काम चोख केलेले असते. न्यायाच्या परिभाषेत तो लिंग आहे, न दिसणाऱ्या साध्याकडे नेणारी खूण. त्याची साक्ष एवढीच, की या वाटेवर कधी तरी सोसवेल त्याहून जास्त करंट वाहिला. कुठे आणि कशाने, हे तो सांगत नाही. ‘किती’ हेही तो ढोबळच सांगतो. प्रमाणित पात्याचा फ्यूज आकड्याच्या ११० टक्के करंट निदान १०० तास सोसतो, आणि १३५ टक्क्यांवर तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत केव्हाही जाऊ शकतो. म्हणून फ्यूज शाबूत असणे हेही वाट निर्दोष असल्याचे प्रमाण ठरत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी शेषवत् अनुमानाचे भाष्यकार वात्स्यायन दोन अर्थ देतो. एक, कार्यावरून कारणाकडे जाणे: नदीला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे ओळखणे. दुसरा, शक्य ते पर्याय एकेक करून बाद करणे आणि उरलेला स्वीकारणे. पाठ्यपुस्तकांत हे दोन अर्थ वेगवेगळे शिकवले जातात. बिघाड शोधताना मात्र दुसऱ्याशिवाय पहिला लंगडा पडतो, आणि सूत्रकाराला याची जाणीव होती असे मला वाटते. कारण दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी नेमके याच ठिकाणी बोट ठेवतो. नदी पुढे बांध घातल्यानेही फुगते. मुंग्या पाऊस येणार म्हणून अंडी घेऊन निघतात, तशा वारूळ मोडल्यानेही निघतात. मोराचा आवाज माणूसही काढू शकतो. मग अनुमानावर विसंबायचे कसे? उत्तर असे आहे की दोष अनुमानाचा नसून अनुमान करणाऱ्याचा आहे. पावसाने आलेल्या पुरात पाण्याला ओढ असते, फेस असतो, फळे, पाने, लाकडे वाहून येतात. नुसते फुगलेले पाणी ही वेगळी गोष्ट आहे. पाहणाऱ्याने विशेष पाहिला नाही, सामान्यावर थांबला, म्हणून तो फसला.

‘दार लॉक होत नाही’ हे वाक्य ‘नदी फुगली आहे’ या वाक्याइतकेच अपुरे आहे. त्यात विशेष भरला की पर्याय आपोआप गळू लागतात. चारही दारे एकदम गप्प असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर असण्याची शक्यता मोठी: फ्यूज, रिले, कंट्रोल युनिट किंवा मुख्य बटण. एकच दार रुसले असेल तर फ्यूज बॉक्स उघडण्याआधी त्या दाराकडे जावे. तीन दारांना करंट पुरवणारा सामाईक फ्यूज चौथ्यापुरता उडालेला नसतो. बटणाने दारे चालतात पण रिमोटने चालत नाहीत, तर मोटर, रिले आणि त्यांचा फ्यूज एका फटक्यात निर्दोष ठरतात, आणि पहिला संशय रिमोटच्या तीन व्होल्टच्या सेलवर जातो. दारातून मोटरचा आवाज येतो पण लॉक हलत नाही, तर वीज पोचते आहे. गिअर झिजले आहेत किंवा दांडी सुटली आहे. सेंट्रल लॉकिंगबरोबर हॉर्न किंवा आतला दिवाही बंद असेल, तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता पाहावा. कित्येक गाड्यांत एकाच फ्यूजवर असे दोन-तीन सोबती असतात, आणि ते एकत्र गेले ही फेसाइतकी आणि वाहत्या लाकडांइतकी बोलकी खूण आहे. या सगळ्याला एकही हत्यार लागत नाही. लागते ती सामान्यावर न थांबण्याची सवय.

आता नव्या फ्यूजने दार चालले, या पुराव्याकडे येऊ. नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना, कार्याच्या आधी नियमाने असणे एवढ्यावर समाधान मानले नाही. जे आधी असते पण ज्याच्यावाचून कार्य अडत नाही, ते अन्यथासिद्ध म्हणून वगळले. विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात अन्यथासिद्धाचे पाच प्रकार आहेत, आणि पाचव्याचे उदाहरण माती वाहून आणणाऱ्या गाढवाचे आहे. घडा होण्याआधी गाढव होते, पण घड्याचे कारण ते नव्हे. असे गाढव फ्यूजच्या प्रकरणातही असते. रबरी नळीतल्या वायरी दार उघडताना आणि मिटताना दर वेळी वाकतात. काही वर्षांनंतर एखादीचे आवरण फाटते आणि तांबे बॉडीच्या पत्र्याला टेकते, फ्यूज उडतो. फ्यूज बदलायला माणूस दार पूर्ण उघडतो, वाकतो, उठतो, दार मिटतो. एवढ्यात ती वायर पत्र्यापासून सुटली, तर नवा फ्यूज टिकतो आणि सगळे ठीक दिसते. बिघाड गेला तो वायर हलल्याने; फ्यूज बदलणे त्याच्या आधी घडले इतकेच. करंटची वाट जोडायला नवा फ्यूज हवाच होता, पण शॉर्ट नाहीसा होण्याशी त्याचा संबंध नाही. त्या कार्यापुरता तो अन्यथासिद्ध आहे, आणि पुढच्या कुठल्याशा उघडझापीत पुन्हा उडेल.

यावर व्यवहारवादी माणूस म्हणेल, मला दार हवे होते, कारण नको होते. आणि तो वात्स्यायनालाच साक्षीला बोलावू शकेल. कारण भाष्याच्या आरंभीच प्रमाणाची सार्थकता प्रवृत्तीच्या यशाशी जोडलेली आहे. ज्ञानानुसार वागून हवे ते मिळाले, तर ते ज्ञान खरे. आक्षेप वजनदार आहे. पण यश अपघातानेही मिळते, हे भारतीय परंपरेने फार लवकर ओळखले होते. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून नाही, पण वासाने कीटकांचा थवा वर जमला आहे, दुरून पाहणारा त्या थव्याला धूर समजतो आणि तिथे अग्नी आहे असे ठरवतो. अग्नी खरोखर आहे. तरी त्याला ज्ञान झाले असे म्हणता येत नाही, कारण ज्या वाटेने तो तिथे पोचला ती वाट अग्नीपर्यंत जातच नव्हती. नव्या फ्यूजनंतर चाललेल्या दाराचे तसेच आहे. शिवाय यश कशाचे मोजायचे? आज दार लॉक झाले हे यश मानले, तर १५ च्या जागी ३० चा फ्यूज ठोकणे, किंवा फ्यूजऐवजी तारेचा तुकडा घालणे, हीही यशस्वी प्रवृत्तीच ठरेल. दार तर चालते! पण आता वायर आधी तापेल आणि फ्यूज नंतर; साक्षीदाराचे तोंड बंद करून खटला निकाली काढल्यासारखे ते आहे. इथे ज्ञानाचा प्रश्न धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा होतो. त्या गाडीत मागच्या सीटवर बसणाऱ्याला फ्यूज बॉक्समध्ये काय केले आहे हे माहीत नसते. त्याच्या जिवाची जोखीम त्याला न विचारता घेतलेली असते, आणि तीही ‘मला कारण नको’ या आळसापायी. हा आळस मला क्षम्य वाटत नाही. प्रवृत्तीचे यश हा निकष मी मान्य करतो, पण ज्या कृतीत अपयशाचीही संधी होती तिचेच यश पुरावा म्हणून चालते. त्याच आकड्याचा नवा फ्यूज बसवावा, मग एकेक दार पूर्ण उघडून-मिटून, रबरी नळी हाताने वाकवून पाहावी आणि प्रत्येक स्थितीत लॉक चालवावे. फ्यूज पुन्हा उडू शकत होता आणि उडाला नाही, तेव्हा त्या न उडण्याला अर्थ येतो.

या सगळ्या विचारात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अभावाच्या ज्ञानाचा वाद. ‘जमिनीवर घट नाही’ हे आपल्याला कशाने कळते? सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो की त्यासाठी वेगळे प्रमाणच मानावे लागते, अनुपलब्धी. नैयायिक म्हणतात की अभाव इंद्रियांनीच कळतो. बौद्ध धर्मकीर्ती त्याला अनुमानात बसवतो. पक्ष वेगळे असले तरी योग्यतेच्या एका अटीवर हे सगळे एकत्र येतात: न दिसणे हे नसण्याचे प्रमाण तेव्हाच ठरते, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. उजेडात घट दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. फ्यूज तपासण्याची सगळी विद्या या एका अटीत आहे. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात, त्यामुळे तो न काढताही तपासता येतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावायचा आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवायचे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर उडालेला. दोन्हीकडे लागला नाही, तर? घाईत ‘इथे करंटच नाही’ असा निष्कर्ष निघतो. पण चिमटा रंगावर बसला असेल, लॅम्पचा बल्ब गेला असेल, किंवा तो फ्यूज चावी फिरवल्यावरच जिवंत होणारा असेल. म्हणून जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्प आधी बॅटरीच्या प्लसला टेकवून पाहतो. दिवा लागतो हे ठरले, आता त्याच्या न लागण्याला किंमत आली. मीमांसेचा एक शब्दही न वाचता तो योग्यतेची अट पाळत असतो.

उलट बाजूनेही हीच अट लागते, आणि तिथे अनुभवी माणसेही फसतात. डिजिटल मल्टिमीटर वाटेतून जवळजवळ करंट घेतच नाही. त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मल्टिमीटर मोटरच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट दाखवतो, कारण इतक्या क्षीण मागणीला ती एक तार पुरते. मोटर चालायला लागली की तिला काही अँपिअर हवे असतात. मग त्या तारेवरच व्होल्टेज गळते आणि मोटरला हुंकारही देता येत नाही. आकडा खरा होता. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता, तो आपला प्रश्न नव्हता. कनेक्टर जोडलेला ठेवून, दुसऱ्या कोणी तरी बटण दाबताना, म्हणजे ओझे पडलेले असताना मोजले तरच वाट शाबूत आहे असे म्हणता येते. डोळ्यांनी पाहून फ्यूज चांगला ठरवण्याचेही असेच आहे: पट्टीतली केसाएवढी भेग प्लॅस्टिकमधून दिसेलच असे नाही, तेव्हा तिचे न दिसणे हे योग्य अनुपलब्धीत बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पर्याय बाद करत जाण्याची रीत तेव्हाच टिकते, जेव्हा पर्यायांची यादी पूर्ण असते. ती पूर्ण आहे हे कोण सांगणार? मागचे दार आतून उघडत नाही म्हणून वायरिंग तपासत बसावे, आणि दोष काहीच नसावा. दाराच्या कडेची चाइल्ड लॉकची कळ खाली असावी. तिचा विजेशी संबंधच नाही. किंवा तपासताना कोणी बटण लागोपाठ दाबत राहावे, मोटर तापून तिच्यातल्या संरक्षक घटकाने करंट अडवावा, आणि तपासणीनेच नवा बिघाड जन्माला घालावा. यादी पूर्ण असल्याची हमी तर्काने मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण गाडी मानवनिर्मित आहे. तिच्या वाटा कोणी तरी आखल्या आणि कागदावर उतरवल्या. वायरिंगचा नकाशा आणि मालकाची पुस्तिका हे शब्दप्रमाण आहे, आणि यादीचा मोठा भाग तिथून मिळतो. उरलेल्या संशयाबद्दल दहाव्या शतकातल्या उदयनाचे उत्तर मला पुरेसे वाटते: शंका व्याघातापर्यंतच चालते, म्हणजे स्वतःच्या वागण्याशी तिचा विरोध येतो तिथे ती थांबते. पुढे वेदान्ती श्रीहर्षाने यावर कडाडून हल्ला केला आणि नैयायिक गंगेशाने त्याला उत्तर दिले, तो इतिहास मोठा आहे. इथे एवढेच म्हणायचे आहे की ज्या शंकेला नाव आणि जागा देता येते तिचा मान ठेवावा, ती तपासावी. ‘काहीही असू शकेल’ या शंकेने तपासणी थांबवू नये. तसे म्हणणाराही ब्रेक दाबतो तेव्हा गाडी थांबेल असेच धरून चाललेला असतो.

हे घरी करायचेच कशाला, तज्ज्ञाकडे जावे, असेही म्हणता येईल. आप्ताचे वचन प्रमाण आहेच. वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण ज्ञान आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा एवढेच ठेवले, आणि ते ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू केले. गल्लीतल्या शटरखाली बसणारा, पदवी नसलेला इलेक्ट्रिशियन त्या लक्षणात पूर्ण बसतो. पण आप्त कोण हे ओळखायला ऐकणाऱ्याला थोडे तरी कळावे लागते. ‘फ्यूज दोनदा उडाला, दोन्ही वेळा मागचे डावे दार उघडताना’ असे सांगणारा गिऱ्हाईक आणि ‘लॉक चालत नाही’ म्हणणारा गिऱ्हाईक यांना मिळणारी उत्तरे वेगळी असतात. घरच्या तपासणीला सीमाही आहे, आणि ती स्पष्ट आहे. इंजिन बंद आणि चावी काढलेली असल्याशिवाय फ्यूज ओढू नये. त्याच आकड्याचा नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा बसवू नये. एअरबॅगच्या कनेक्टरना, जे बहुधा पिवळे असतात, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर कधीही लावू नये.

शेवटचा आक्षेप मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो. यंत्राचे भाग सुटे करता येतात. एक फ्यूज काढून बाकी सगळे होते तसे ठेवता येते. शरीराचे किंवा समाजाचे असे होत नाही. मग यंत्रावरून कारणाच्या ज्ञानाबद्दल काही सांगणे कितपत खरे? उत्तराचा अर्धा भाग असा, की हे अंतर मान्य आहे, आणि म्हणूनच चरकसंहितेने परीक्षेच्या साधनांत आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे साधन ठेवले: अनेक कारणांच्या संयोगातून निपजणारे कार्य जाणणारी बुद्धी. उरलेला अर्धा भाग असा, की यंत्रही आपल्याला वाटते तितके सुटे नसते. जुन्या गाडीच्या दारात लॉकच्या यंत्रणेतले ग्रीस वाळून घट्ट झालेले असते, पावसाळ्यांनी बॉडी अर्थचा स्क्रू गंजलेला असतो, बॅटरी थकलेली असते. यांपैकी एकट्या कशानेही दार अडत नाही. तिन्ही एकत्र आली की मोटर जागीच अडते. अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढू पाहते; सकाळी बॅटरी आणि अर्थ तो पुरवू शकत नाहीत, तेव्हा दार नुसते गप्प राहते; गाडी चालून अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देऊ लागला की तोच करंट वाहतो आणि फ्यूज जातो. वायरिंगमध्ये कुठेही शॉर्ट नसतो. इथे ‘कारण कोणते’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही, आणि फ्यूजच्या साक्षीवरून एकच अपराधी शोधत जाणारा माणूस वायरिंग उसवून रिकाम्या हाताने परततो. लॉक साफ करून वंगण द्यावे आणि तपासावे. अर्थचा स्क्रू घासून पुन्हा तपासावे. मग बॅटरीकडे वळावे. तिन्ही कामे एकदम उरकली तर दार नक्की चालेल आणि मालकाचे काम होईल. पण कशाचा वाटा किती होता हे मात्र त्याला सांगता येणार नाही, आणि वर्षभराने तेच दार पुन्हा अडले तर शोध पहिल्यापासून सुरू करावा लागेल.